मोरपंखी फोनचं कव्हर

"आपटा," जैनूभाई म्हणाला.

त्याने स्वतःचाच फोन हर्षदच्या हातात दिला होता. फोनला काळं, जाडजूड कव्हर होतं आणि खाली त्याच्या मोबाइलच्या दुकानाची शहाबादी फरशी होती.

"नको हो," हर्षद म्हणाला.

"अहो आपटा, पाव्हणं! तुमचा नाही, माझा आहे."

हर्षदने फोन कमरेइतका उंच धरला, पुन्हा खाली घेतला, माझ्याकडे बघितलं. त्याच्याच्याने होईना. शेवटी मी तो त्याच्या हातातून घेतला, हात डोक्याच्या वर नेला आणि सोडून दिला. धप्प असा आवाज झाला. जैनूभाईने वाकून फोन उचलला, फुंकर मारली आणि काच आमच्यासमोर धरली. साधा ओरखडासुद्धा नव्हता. माझ्या आबांनी टाळी वाजवली आणि आपण एकटेच वाजवतोय हे लक्षात आल्यावर हात मागे बांधून घेतले.

याला आता नऊ वर्षं झाली. माझं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं बार्शीला आली होती. सकाळपासून साड्यांच्या दुकानात बसून बसून सगळ्यांची पाठ धरली होती. बाकीची मंडळी बरेचसे कपडे घेऊन एसटीने पुढे गेली आणि मागे राहिलो आम्ही चौघं: मी, आबा, माझा होणारा नवरा हर्षद आणि त्याची आई इंदुबाई. त्यांना मी तेव्हापासूनच आत्या म्हणायला लागले होते. आबांनी दिवसभरासाठी जीप ठरवली होती. ती चौकात उभी होती. जाता जाता एकच काम उरलं होतं, माझ्या फोनला कव्हर घ्यायचं.

फोन त्याच दिवशी सकाळी हर्षदने दिला होता. साडीच्या दुकानात, सगळ्यांच्या देखत, लाजत लाजत. मी खोका उघडला आणि बघतच राहिले. मागची बाजू काचेची. सरळ धरला तर गर्द निळा, जरा कलता केला की हिरवा. मोराची मान असते ना, अगदी तसा. माझ्या हातात तोवर अशी वस्तू आलीच नव्हती. माझ्या हातात यायचं ते पक्कड, पाना आणि तार.

मी वीज कंपनीत लाइनवर काम करते. आयटीआय झाले, परीक्षा दिली आणि आमच्या कोरेवाडीच्या शाखा कार्यालयात लागले. शाखेत खांबावर चढणारी बाई मी एकटीच. पहिले सहा महिने मी कुठे चढले की खाली पंचवीस-तीस माणसं मान वर करून उभी राहायची. मग त्यांना सवय झाली. मला मात्र एक सवय काही केल्या लागत नव्हती, फोन सांभाळायची. पहिला फोन खांबावरून निसटला तो थेट एका म्हशीच्या पाण्याच्या हौदात. म्हशीने बहुतेक चाखूनही बघितला. दुसरा फोन नऊ मीटरवरून डीपीच्या लोखंडी चौकटीवर पडला. त्याचे तुकडे गोळा करायलाही मी थांबले नाही. त्यानंतर बटणांचा एक जुना फोन वापरत होते. आमचे वरिष्ठ वायरमन खंडागळे तात्या म्हणायचे, "पोरी, तुला शाळेतल्या पोरांसारखा गळ्यात दोरी बांधूनच द्यायला पाहिजे फोन."

फोन खालीच ठेवून चढावं, तर तेही चालायचं नाही. वर असताना उपकेंद्रातल्या ऑपरेटरशी बोलावं लागतं. लाइन बंद केलीय ना, मी सांगेपर्यंत चालू करायची नाही, हे त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावं लागतं. त्या एका फोनवर आमचा जीव असतो.

तर असा तो मोरपंखी फोन काउंटरवर ठेवलेला. त्याच्या एका बाजूला जैनूभाईने ते काळं कव्हर ठेवलं. दुसऱ्या बाजूला हर्षदला आवडलेलं कव्हर, कागदासारखं पातळ, आरपार दिसणारं, कडेला सोनेरी रेघ आणि खालच्या कोपऱ्यात बारीक चमचम.

"हे घातलं तर फोन किती छान दिसतो बघ," हर्षद म्हणाला. त्याने घालूनही दाखवलं. खरंच छान दिसत होता.

मी ते काढून काळं घातलं. निळा गेला, हिरवा गेला. हातात राहिली एक काळी वीट.

"टायर कापून केल्यासारखं दिसतंय," आत्या म्हणाल्या.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी सोनेरी घालून बघितलं, काळं घालून बघितलं. पुन्हा सोनेरी. जैनूभाई सबुरीचा माणूस. तो नुसता मान डोलावत होता. मनातून मला सोनेरीच हवं होतं, खोटं कशाला सांगू? पण डोळ्यांसमोर ती लोखंडी चौकट यायची.

"हे दिसायला सुंदर आहे," मी म्हणाले, "पण खांबावरून पडला तर फोनचा भुगा होईल."

"पडेल कशाला?" हर्षद म्हणाला.

"माझ्याकडून पडतो."

"अगं पण आता पडायचा कुठून? लग्नानंतर तू कुठं खांबावर चढणार आहेस!"

त्याने हे इतक्या सहज म्हटलं की मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, चेष्टा करतोय.

"म्हणजे?"

हर्षदने आईकडे बघितलं, मग आबांकडे. मग चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. "म्हणजे... मी तुमच्या साहेबांशी बोललोय. बनसोडे साहेबांशी. बिलांच्या टेबलावर एक जागा होतेय. ते म्हणाले, कांचनचा अर्ज आला की बघू. मी तुला आज सांगणारच होतो."

मी आबांकडे वळले. आबा भिंतीवरच्या हेडफोनकडे असे बघत होते, जणू त्यातलाच एखादा त्यांना घ्यायचा होता.

"आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"परवा... कानावर आलं होतं," आबा हेडफोनला म्हणाले.

माझे कान तापले. तीन वर्षं मी चढत होते. जोराच्या वाऱ्यात, उन्हात, चिखलात. पहिल्यांदा चढून खाली उतरले तेव्हा तात्यांनी मला अर्धा तास बसवून ठेवलं होतं. ते सगळं एका फोनवर, मला न विचारता, कुणीतरी टेबलाखाली सारून टाकलं होतं. आणि वर मला मोराच्या रंगाचा फोन दिला होता.

"जैनूभाई, काळं कव्हर बांधा," मी म्हणाले.

"कांचन, गोष्ट कव्हरची नाहीये," हर्षद हळूच म्हणाला.

"नाही ना? मग कव्हरावरून कशाला सांगितलीत? सरळ सांगायची होती."

"सांगितली असती तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काही नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडला की दुसरी वेळ असती तर मला दया आली असती. हर्षद एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करायचा. दिवसभर लोकांच्या हातात सुया टोचायचा आणि प्रत्येकाला आधी 'दुखणार नाही हं' म्हणायचा. मला मात्र न सांगताच सुई टोचली होती.

जैनूभाईने एकदा माझ्याकडे आणि एकदा हर्षदकडे बघितलं. "चहा सांगू का?" त्याने विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता हात वर करून समोरच्या टपरीला पाच बोटं दाखवली.

मला वाटलं, आता आत्या बोलणार. सून उलटून बोलते, तेही दुकानात, परक्या माणसासमोर. सकाळी साड्या बघताना मी त्यांचा स्वभाव बघितला होता. प्रत्येक साडी त्या उजेडासमोर धरायच्या आणि पदरापासून शेवटापर्यंत डोळ्यांखालून घालायच्या. दुकानदाराने कौतुकाने पसरलेल्या सातांपैकी पाच साड्यांत त्यांनी ओढलेला दोरा शोधून काढला होता. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि जैनूभाईला विचारलं, "एवढी दोनच हायती का?"

"दोन कशाला? पेटीभर आहेत, चाची."

"मग काढा की. वरवरचं काय दाखवताय? खालची काढा."

जैनूभाईने पुठ्ठ्याची पेटी काउंटरवर आणून ठेवली. आत्या एकेक कव्हर काढून वाकवून बघायला लागल्या, नखाने कड दाबून बघायला लागल्या. आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं,

"वर चढल्यावर भ्या वाटत न्हाई तुला?"

"वाटतं," मी म्हणाले.

"मग?"

"न वाटणारा माणूस चढूच नये असं आमचे तात्या म्हणतात."

"हं." एक कव्हर बाजूला पडलं. "आन मग चढतीस कशाला? टेबलावर पंखा हाय. पगार तोच."

"आत्या, मागच्या वर्षी वादळात आमच्याकडच्या एका वस्तीची लाइट तीन दिवस नव्हती. चार खांब आडवे झाले होते. आम्ही नवे उभे केले, तारा ओढल्या. शेवटचा जोड मी दिला. खाली उतरून फोन केला आणि लाइन चालू झाली. तेव्हा त्या वस्तीतल्या बाया एकदम ओरडल्या. आनंदाने. कुणाची गिरणी, कुणाची पाण्याची मोटर. एक म्हातारी माझ्या हातात गूळ देऊन गेली. तो गूळ मला टेबलावर कोण आणून देणार?"

आत्यांचे हात थांबले. आबांनी हेडफोन बघायचं सोडलं होतं. चहा आला. कुणी घेतला नाही.

"हे बगा," आत्या एकदम म्हणाल्या. पेटीच्या तळातून त्यांनी एक कव्हर काढलं होतं. पाठ स्वच्छ, आरपार. पण चारी कोपरे फुगीर, दाबले की आत जाणारे, कोपऱ्याला गादी लावल्यासारखे. आणि समोरची कड काचेच्या जराशी वर आलेली.

"वा, चाची!" जैनूभाई म्हणाला. "हे दिसत नाही म्हणून कुणी मागत नाही. आहे एकदम पक्कं. फोन पडताना कोपऱ्यावरच पडतो, तो मार ही गादी खाते. पालथा पडला तर कड टेकते, काच अधांतरी राहते."

त्याने ते माझ्या फोनला बसवलं. मागून मोराची मान जशीच्या तशी दिसत होती.

"आता आपटा," जैनूभाई म्हणाला. "या वेळी मात्र तुमचा."

हर्षदने डोळे मिटून घेतले. खरं सांगते, मी रागात होते म्हणूनच ते केलं. एरवी कोऱ्या फोनला मी तसं केलं नसतं. हात उंच केला आणि सोडला. फोन एका कोपऱ्यावर पडला, टुणकन उडाला आणि काउंटरखाली गेला. जैनूभाई गुडघ्यावर बसून शोधायला लागला. आबाही वाकले. दोघांची डोकी आपटली. शेवटी फोन बाहेर आला तेव्हा त्याला धूळ लागली होती, बाकी काही नाही.

"झालं फोनचं," आत्या उठत म्हणाल्या. "आता तुझं कव्हर बगू."

"माझं?"

"तू चढतीस तवा तुझ्या अंगावर काय असतं? तुला पडल्यावर कुठली गादी हाय? ते बगायचंय मला. हाफीस वाटेवरच हाय ना तुमचं?"

जीपमध्ये पुढे आबा आणि ड्रायव्हर, मागे आम्ही तिघं. आत्या मध्ये बसल्या होत्या. बार्शी मागे पडली. मग आत्यांनी खिडकीबाहेर बघत सांगायला सुरुवात केली.

"साहेबाला फोन कर म्हणून ह्याला मीच सांगितलं. ह्याचं मन नव्हतं. म्हणत हुता, आधी तिला इचारू. मी म्हणलं, इचारायचं काय त्यात? माझा धाकटा भाऊ, शामराव. इहिरीवरच्या मोटरीच्या पेटीला हात लावला आन तिथंच चिकटला. बावीस वर्साचा. लाइन गेली म्हणून बगायला गेला हुता. गेलेली नव्हती." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तुझं स्थळ आलं तवा मला पोरगी आवडली. लई आवडली. पण तुझं काम कळलं आन मला चार दिस जेवान गेलं न्हाई."

मी हर्षदकडे बघितलं. तो मांडीवरच्या पिशवीकडे बघत होता. दुकानात तो सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन बसला होता, आईचं नावसुद्धा त्याने काढलं नव्हतं. माझा राग गेला नाही, पण त्याची धार गेली.

"लाइन गेलीय असं वाटणं आणि लाइन बंद करणं यात फरक असतो, आत्या," मी म्हणाले. "मी उपकेंद्राकडून लाइन बंद केल्याचं परमिट घेतल्याशिवाय तारेला हात लावत नाही. मग हातमोजे असतात, हेल्मेट असतं, पट्टा असतो. तुम्ही बघाच."

हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

शाखा कार्यालय म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा आणि ओट्यावर तारांची वेटोळी. खंडागळे तात्या खुर्चीत बसून शेंगा खात होते. बस्त्याच्या पिशव्यांसकट आम्हा चौघांना बघून ते धडपडत उठले आणि मांडीवरची टरफलं सगळीकडे पसरली.

"तात्या, ह्या माझ्या आत्या. ह्यांना आपलं सामान बघायचंय."

"सामान? बघा की, ताई. लपवायचं काय त्यात?"

तात्यांना समजावून सांगायची फार हौस. त्यांनी सगळं मांडलं. हेल्मेट आत्यांच्या डोक्यावर ठेवलं, अंबाड्यामुळे ते तिरकं बसलं. कमरेला पट्टा बांधून दाखवला. आत्यांनी पट्ट्याची कडी तीनदा ओढून बघितली, शिवणीवरून अंगठा फिरवला, दोन्ही हातांनी ताणला. "पक्का हाय," त्या म्हणाल्या. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, वर पिवळं हेल्मेट. हर्षदने हळूच खिशातून फोन काढला. "फोटू काढशील तर बग," आत्या मागे न वळताच म्हणाल्या.

मग तात्यांनी अर्थिंगची साखळी दाखवली. लाइन बंद केल्यावरही तारेला साखळी लावून जमिनीशी जोडतात, हे सांगितलं. "का, तर कुणाच्या घरात जनरेटर चालू असतो. त्याचा करंट उलटा तारेत येतो. लाइन बंद, तरी माणूस खलास. म्हणून ही साखळी. आणि साखळी लावेपर्यंत हातात हे."

त्यांनी माझे रबरी हातमोजे काढून दिले.

आत्यांनी ते उजेडाकडे धरले. उलटसुलट केले. "ह्याला भोक हाय का न्हाई कसं कळतं?"

"सोपं आहे," तात्या म्हणाले. "मनगटाकडून गुंडाळत न्यायचा. हवा बोटांत जाऊन बसते. मोजा फुगला की दाबायचा आणि गालाजवळ धरायचा. हवा आली तर मोजा बाद. रोज चढण्याआधी करायचं असतं हे. कांचनला पहिल्या दिवशी शिकवलंय मी."

आत्यांनी मोजा गुंडाळला. बोटं टरारून फुगली. त्यांनी तो दाबला आणि गालाशी नेला. डोळे मिटले. दाण्याचं एक टरफल कुणाच्या तरी पायाखाली वाजलं.

"गार लागतंय," आत्या म्हणाल्या.

"कसं शक्य आहे?" तात्यांनी मोजा घेतला, स्वतःच्या गालाशी धरला. त्यांचं तोंड उतरलं. मग मी धरला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मध्ये, जिथे पक्कड सारखी घासते, तिथून हवेची एक बारीक, थंड रेघ माझ्या गालावर येत होती.

"कधी बगितला हुतास शेवटचा?" आत्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. तात्यांनी मला सांभाळूनही घेतलं असतं. पण ती थंड रेघ अजून गालावर होती.

"आठवत नाही," मी म्हणाले. "दोन महिने झाले असतील."

तासाभरापूर्वीच मी फोनचं कव्हर टिकतं की नाही हे दोनदा आपटून बघितलं होतं.

आत्या तात्यांकडे वळल्या. "नवीन न्हाईत?"

"आहेत, ताई. स्टोअरमध्ये पेटी आलीय. पण मागणीपत्र द्यायचं राहिलंय. म्हटलं, हे अजून चालतायत..."

"चालतायत?" आत्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. "साडीत एक दोरा ओढलेला असला तर मी दुकानदाराच्या तोंडावर मारती. आन हितं पोरीच्या हाताला भोक पडलंय, तर तुमी शेंगा खाताय? साहेब कुठं हाय तुमचा?"

साहेब आवाज ऐकून आपणच आतून बाहेर आले. बनसोडे साहेब सभ्य माणूस. हेल्मेट घातलेल्या बाईला बघून ते दारातच थांबले, मग मी त्यांना हर्षदचं नाव सांगितलं.

"या, या. टेबलाच्या जागेसाठी आलात ना? अर्ज आणलाय का?"

आत्या काही बोलायच्या आत हर्षद पुढे झाला. त्याच्या दोन्ही हातांत बस्त्याच्या पिशव्या होत्या. "साहेब, ते मी कांचनला न विचारता बोललो होतो. माझी चूक झाली. अर्ज नाहीये." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "तिला हवा असेल तेव्हा ती स्वतः देईल."

"मग आलात कशासाठी?"

"हातमोज्यांसाठी," आत्या म्हणाल्या. "एकीला न्हाई. सगळ्यांना."

साहेबांनी मोजा हातात घेतला. आत्यांनी त्यांनाही तो गालाशी धरायला लावला. त्यांनी तात्यांकडे असं बघितलं की तात्यांनी तिथेच बाकावर बसून मागणीपत्र लिहायला घेतलं. अक्षर नीट येईना म्हणून दोनदा कागद बदलला. साहेबांनी उभ्याउभ्या सही केली आणि स्टोअरला फोन लावला. तासाभराने मोटारसायकलवरून पेटी आली. तोवर आत्या ओट्यावर बसून तात्यांच्याच शेंगा खात होत्या आणि तात्या त्यांना शेंगा सोलून देत होते.

पेटी उघडली तेव्हा आत्यांनी पदर खोचला. आठ जोड होते. एकेक मोजा गुंडाळून, फुगवून, गालाशी धरून त्यांनी सोळाच्या सोळा तपासले. एक बाजूला काढला. त्यात काही दोष आहे असं तात्यांना वाटत नव्हतं, पण बोलायची त्यांची छाती झाली नाही.

जीपकडे जाताना हर्षद माझ्या शेजारून चालत होता.

"राग आहे अजून?" त्याने विचारलं.

"आहे."

"किती दिवस राहील?"

"बघू. लग्नाला अजून तीन आठवडे आहेत."

"तेवढ्यात जाईल?"

"प्रयत्न करा," मी म्हणाले. तो हसला आणि त्याच्या हातातली एक पिशवी सुटून शालू धुळीत पडला. आत्यांनी तो शालू तिथेच उलगडून, झटकून, पुन्हा उजेडाकडे धरून बघितला.

लग्न झालं. हळदीला तात्या आले, जेवणावळीत वाढायलाही उभे राहिले. पंधरा दिवसांची रजा संपली आणि सोळाव्या दिवशी पहाटे वारा सुटला. उजाडता उजाडता साहेबांचा फोन आला. कोरेवाडीच्या पलीकडे झाड पडून दोन ठिकाणी तार तुटली होती. मी गणवेश चढवला. हर्षदने गाडी काढली, मला सोडून तो पुढे लॅबला जाणार होता. आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. त्यांना सांगून निघावं म्हणून दारात गेले, तर डबा भरून तयार होता.

त्यांनी डबा हातात दिला. माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं.

"मोजं बगितलं?"

"आत्ताच. गालाला लावून."

"बरं." त्या पुन्हा चुलीकडे वळल्या. मी उंबरठा ओलांडला तेव्हा मागून आवाज आला. "वर असशील तवा मी फोन करायची न्हाई. तुझं ध्यान जाईल. उतरलीस की तू कर."

दुपारचे अडीच वाजले तारा जोडायला. खांबावर वारा इतका होता की पट्टा असूनही मी एक हात खांबाला वेढून धरला होता. खाली उतरून परमिट परत केलं, लाइन चालू झाली, समोरच्या मळ्यात मोटरीने पाणी फेकलं. मी बांधावर बसले आणि घरचा नंबर लावला.

रिंग पुरती एकदाही वाजली नसेल.

"उतरलीस?" आत्या म्हणाल्या.